कोरडी सुई

आमच्या दवाखान्यात चहाचे सात चमचे होते. त्या उन्हाळ्यात ते एकेक करून गायब व्हायला लागले. आधी दोन गेले, मग आणखी तीन, आणि शेवटी साखर ढवळायला आम्ही घसा तपासायच्या लाकडी पट्ट्या वापरू लागलो. चमचे काही सोन्याचे नव्हते. पण ते मी स्वतः महागावच्या बाजारातून आणले होते, आणि आपण आणलेली वस्तू कुणी न विचारता उचलली की माझं डोकं फिरतं. म्हणून एका दुपारी पेशंट संपल्यावर मी शोधमोहीम काढली.

एक चमचा डॉक्टरांच्या टेबलाच्या खणात होता, बीपीच्या मशीनखाली. एक बाथरूमच्या खिडकीत, साबणामागं. एक प्रसूतीच्या खोलीत, बाळ मोजायच्या काट्यावर. आणि एक मोठ्या बाईंच्या पर्समध्ये, रुमालात गुंडाळलेला. मोठ्या बाई म्हणजे आमच्या पर्यवेक्षिका, निवृत्तीला वर्ष राहिलेलं, दवाखान्यात डॉक्टर कुणीही असो, शब्द त्यांचाच चालायचा. पकडल्या गेल्यावर त्या जराही ओशाळल्या नाहीत.

"तुमी नाई लावून पाह्यला?" त्यांनी मलाच विचारलं.

तेव्हा उलगडा झाला. लस घेतलेल्या माणसाच्या दंडाला चमचे, नाणी चिकटतात, असे व्हिडिओ तेव्हा प्रत्येकाच्या फोनवर फिरत होते. आमचे सगळे लोक एकेकटे बाजूला जाऊन दंडाला चमचा लावून बघत होते. आणि सकाळी याच दवाखान्यातून ऑटोवर भोंगा बांधून आम्ही गावोगाव सांगत होतो, की अफवांवर विश्वास ठेवू नका. भोंग्यातला आवाज माझा होता. ऑटो फुलसावंगीच्या रस्त्याला लागला की इकडं पहिला माणूस चमचा घेऊन बाथरूमकडं निघायचा.

मी हसले नाही. मला हसायचा हक्क नव्हता, आणि का नव्हता ते सांगते.

मी आरोग्य सेविका. गावात सिस्टर म्हणतात, म्हाताऱ्या बाया सुईवाली बाई म्हणतात. पंचवीसेक वर्षं मी लोकांना टोचत आले. पोलिओचे थेंब पाजले तर पोर पुढं वांझ निघतं म्हणून दार लावून घेणाऱ्या एका घरासमोर मी एकदा तीन तास ठाण मांडून बसले होते, तोंडाचा पट्टा चालू ठेवून. शेवटी त्या घरानं माझ्या तोंडाला कंटाळून पोर बाहेर काढलं. अडाणीपणाची मला चीड होती. निदान माझा तसा समज होता.

मग ही साथ आली. पहिल्या वर्षी माझी ड्यूटी शाळेतल्या विलगीकरणावर होती. घरी आले की घरमालकीण माझ्या पायऱ्यांवर ब्लीचिंग टाकायची, नवरा ताट ओट्यावर सरकवायचा आणि आत पळायचा. मी ओट्यावर बसून एकटी जेवायची. कुणी खोकलं की मी ताट बाजूला सारायची. मी घाबरले होते. आज सरळ लिहिते आहे, पण तेव्हा हे वाक्य मी कुणापाशी उच्चारलं नाही. सुईवाल्या बाईनं घाबरायचं नसतं.

अशात एक व्हिडिओ फोनवर आला. पांढरा कोट घातलेला कुणी माणूस अर्ध्या हिंदीत, अर्ध्या इंग्रजीत सांगत होता, की ही लस आधी दवाखान्यातल्या लोकांना देतील, कारण हे लोक उलट बोलत नाहीत. त्यांच्यावर करून बघतील, आणि दोन वर्षांत त्यांचं जे व्हायचं ते होईल. आता यात शहाण्या माणसानं घाबरावं असं काय आहे? पण मला ते पटलं. कारण सरकारात नवीन काहीही आलं की आधी आमच्याच गळ्यात पडतं. नवं रजिस्टर, नवं अ‍ॅप, नव्या रंगाची साडी, सगळं आधी आमच्यावरच करून बघतात. मग ही लस काहून सोडतील? हा माझा सगळा अभ्यास.

संक्रांत झाली आणि लस आली. पहिला मान आम्हालाच. आदल्या दिवशी मी मोठ्या बाईंना कपाटामागं गाठून सांगितलं, मला भीती वाटते. त्यांनी माझ्याकडं पाहिलं आणि चहात साखर घालू की नको असं विचारावं तशा सुरात विचारलं, "कोरडी देऊ का?"

कोरडी म्हणजे काय ते त्यांनी सांगायची गरज पडली नाही. दुसऱ्या दिवशी सुई माझ्या डाव्या दंडात टेकली, जेमतेम टोचली, निघाली, आणि लस सगळी कापसाच्या बोळ्यात गेली. मी नियमाप्रमाणे अर्धा तास खुर्चीवर बसले. अंगठा वर करून फोटो काढला. फोनवर अभिनंदनाचा मेसेज आला. संध्याकाळी मला तापही आला, थर्मामीटरवर दिसण्याइतका. न घेतलेल्या लशीचा ताप येणारी मी जिल्ह्यात बहुधा एकटीच असेन. महिन्याभरानं दुसरी सुईही तशीच, कोरडी.

आणि मग मी गावाला टोचायला बसले. "घ्या, घ्या. मी नाही घेतली का? काही झालं का मले?" असं म्हणत दिवसाला शंभर-शंभर लोकांना. म्हाताऱ्या बाया माझ्या तोंडाकडं बघून बाही वर करायच्या. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण. ही म्हण माझ्याइतकी कुणाला शब्दशः लागू पडली नसेल.

पुढं दुसरी लाट आली आणि पाहता पाहता ओळखीची माणसं गेली. तेव्हा मला लशीची भीती राहिली नाही, रोगाची बसली. लशीचा फ्रीज माझ्या खुर्चीपासून दहा पावलांवर होता. पण आता मागू कुणाकडं? अ‍ॅप म्हणत होतं दोन्ही डोस पूर्ण, सर्टिफिकेटवर माझं नाव ठळक छापलेलं होतं. सरकारच्या लेखी मी पूर्ण सुरक्षित होते. मी एकावर एक दोन मास्क लावायची आणि फ्रीजकडं बघायची.

चमच्यांची चोरी पकडली त्या दिवशी सगळे गेल्यावर मी प्रसूतीच्या खोलीत गेले, दार लावलं, बाही वर केली आणि बाळाच्या काट्यावरचा तो चमचा डाव्या दंडाला लावला.

चिकटला.

हात हलवला, तरी चिकटलेलाच. मला दरदरून घाम फुटला. माझ्या अंगात लशीचा थेंब नाही हे मला आणि मोठ्या बाईंना माहीत होतं, आणि चमचा माझ्या दंडावर ऐटीत बसला होता. खरं सांगते, पहिला विचार असा आला की नुसत्या सुईनंही होतं की काय. म्हणजे बघा. मग थोडी भानावर आले. खोलीत कूलर चालू होता. आमच्याकडच्या उन्हाळ्यात कूलरची ओली हवा लागली की अंग असं चिकट होतं की अंगावर कागद टाकला तरी तो बसून राहतो. मी बाळाच्या पावडरचा डबा घेतला, दंडाला पावडर फासली आणि पुन्हा चमचा लावला. खाली पडला. फरशीवर त्याचा आवाज झाला तो अजून माझ्या कानात आहे.

म्हणजे अख्ख्या दवाखान्यात, चमच्याचा आणि लशीचा काही संबंध नाही याचा पक्का पुरावा एकट्या माझ्याजवळ होता. आणि तो दाखवायचा तर आधी सांगावं लागलं असतं, की मी लस घेतलेलीच नाही. मी चमचा धुऊन जागेवर ठेवला आणि घरी गेले.

तो पुरावा झाकून ठेवता आला असता, पण आमच्या औषधवाल्या भाऊंनी तसं होऊ दिलं नाही. हे भाऊ म्हणजे आमचे फार्मासिस्ट. अक्षर मोत्यासारखं, स्वभाव गरीब, आवाज इतका हळू की गोळी कधी घ्यायची ते पेशंटला दोनदा विचारावं लागे. लशीचा फ्रीजही त्यांच्याच ताब्यात. सकाळ-संध्याकाळ फ्रीजचं तापमान लिहिणं हे काम ते देवपूजेसारखं करायचे.

चमच्यांची हवा सुरू झाल्यावर बाकीच्यांनी दोन-चार दिवस बघितलं, हसले, विसरले. भाऊ विसरले नाहीत. आधी त्यांच्या हातातलं घड्याळ गेलं. मग कमरेचा पट्टा गेला, तिथं सुताची दोरी आली. किल्ल्या कापडी पिशवीत. मोटरसायकल बंद, कारण ती लोखंडाची. सगळ्यात मोठी अडचण फ्रीजची. ते लाकडी फूटपट्टी घेऊन यायचे, हातभर लांब उभे राहायचे, पट्टीनं फ्रीजचं दार उघडायचे, मान लांब करून आकडा वाचायचे आणि पट्टीनंच दार लोटायचे. नंतर तो आकडा त्याच मोत्यासारख्या अक्षरात लिहायचे. एक नोंद चुकली नाही.

आम्ही हसायचो. डॉक्टर हसायचे, मोठ्या बाई तर पदर तोंडाला लावून. मीही हसले, ते लपवत नाही.

डॉक्टर तरुण होते, बाहेरगावचे, समजावून सांगायची हौस असलेले. त्यांनी भाऊंना बसवून सांगितलं की लशीत लोखंड नसतं, आणि चांगल्या स्टीलला तर चुंबक चिकटतच नाही.

"हो का?" भाऊ म्हणाले. "म्हन्जे माह्यातलं चुंबक साधं नाई."

मी पावडरचा प्रयोग त्यांच्यावर करून पाहिला. पावडर लावली, चमचा पडला. त्यांनी तो पडलेला बघितला आणि मलाच समजावलं, "पावडरनं झाकल्या जाते थे, बाई. जात नाई."

याच सुमारास वरून आदेश आला, की आरोग्य कर्मचाऱ्यांच्या मनावर ताण आहे, तो ऑनलाइन काढायचा. आम्ही सगळे डॉक्टरांच्या खोलीत एका मोबाइलभोवती जमलो. स्क्रीनवरच्या मॅडम म्हणाल्या, डोळे मिटा आणि समुद्रकिनाऱ्यावर उभे आहोत अशी कल्पना करा. आमच्यातल्या निम्म्यांनी समुद्र पाहिलेला नाही. मोठ्या बाईंनी हळूच विचारलं, "पूसच्या धरनावर उभं राह्यलं तं चालते का?" तेवढ्यात नेट गेलं आणि मॅडम तोंड उघडं ठेवून अडकल्या. आम्ही दहा मिनिटं डोळे मिटून तशाच बसलेल्या मॅडमसमोर बसून राहिलो, कारण डोळे उघडा असं कुणी म्हटलंच नव्हतं.

मग फॉर्म आला. गेल्या दोन आठवड्यांत उदास वाटलं का, झोप येत नाही का, जगण्यात रस वाटत नाही का. पुढं चौकोन: कधीच नाही, काही दिवस, जवळपास रोज. मोठ्या बाईंनी फॉर्म हातात घेतला आणि शाळेतल्या बाईंसारखं सांगितलं, "सगळ्याईनं 'कधीच नाही' लिवा. दुसरं कोनी लिवलं तं चौकशी लागते, अन् चौकशी सगळ्याईले लागते." आम्ही सगळ्यांनी एकमेकांचं बघून लिहिलं. एका ताईची चुकून खूण दुसऱ्या चौकोनात पडली, तर तिला खोडरबर दिला. भाऊंनीही लिहिलं. कमरेला दोरी, पायात रबरी चप्पल, डोळ्याखाली काळं, आणि मोत्यासारख्या अक्षरात: कधीच नाही. त्यांच्या फॉर्मवरचं ते खोटं मला ढळढळीत दिसत होतं. पण माझ्या फॉर्मवरही तेच होतं.

चार दिवसांनी भाऊंच्या बायकोचा फोन आला.

"बाई, यायनं घरातले ताटं-वाट्या समदे बोरीत बांधून ठेवले. पत्रावयीवर जेवतेत. खाटंवर झोपत नाई, लोखंडाची हाय म्हन्तेत." मग खरं कारण बाहेर आलं. "अन् पोरीले यवतमायहून घरी आनून राह्यले. तिले लस घेऊ देत नाई. लगन करून टाकतो म्हन्तेत. 'माह्यापाशी दोनच वर्सं हायत, त्यातले काई मयने गेले. तेवढं माह्या डोयानं पाहून घेतो,' म्हन्तेत. तुमचं ऐकतेत थे. तुमी सांगा."

भाऊंची मुलगी यवतमाळला नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाला होती. तिचा फॉर्म भरला तेव्हा मीच सोबत गेले होते. लस घेतल्याशिवाय वॉर्डात उभं करणार नाही, असं तिच्या कॉलेजानं सांगितलं होतं. भाऊंनी आज-उद्या करत काही महिने काढले, आणि आता शिक्षणच सोडवायला निघाले. येत्या रविवारी पाहुणे बघायला येणार होते.

मी मोठ्या बाईंना सांगितलं, की मी भाऊंपुढं खरं बोलणार आहे. त्या एकदम गंभीर झाल्या. "झाकली मूठ सव्वा लाखाची असते, बाई. तुमची सात वर्सं नोकरी राह्यली. मले तं एकच वर्स राह्यलं, थे तरी सुखानं जाऊ द्या." त्यांचं चूक नव्हतं. खोटी नोंद, खोटं सर्टिफिकेट, आणि त्यावर गावभर केलेली छातीठोक भाषा. हे बाहेर आलं तर नोकरी राहील का, हे मलाही माहीत नव्हतं. मी दोन दिवस तोंड मिटून काम केलं.

शुक्रवारी दुपारी मुलगी दवाखान्यात आली, एसटीतून उतरून, खांद्याला बॅग. मला वाटलं लग्नाचं रडगाणं सांगेल. ती पायरीवर बसली आणि बॅगेतून प्लास्टिकचा चमचा काढून दाखवला.

"मावशी, बाबानं माझ्यासाठी वेगळा आणून ठेवला. लोखंडाचा लावू नको म्हन्ते." चमचा तिनं हातात फिरवला. "मी शिकून राह्यली नर्सिंग, अन् मले माह्या बापालेच काय झालं ते समजत नाई. ते बरे होतीन ना?"

तिनं लग्नाबद्दल एक शब्द विचारला नाही. मला स्वतःची एवढी लाज कधी वाटली नव्हती. मी तिला तिथंच बसवलं, प्रसूतीच्या खोलीतला चमचा उचलला आणि औषधांच्या खोलीत गेले. भाऊ खोकी लावत होते. मी बाही वर केली, चमचा दंडाला लावला आणि त्यांच्यासमोर उभी राहिले.

"चिकटला. दिसते ना भाऊ?"

"हो."

"तुमच्यावानी चिकटला ना?"

"हो."

"मी लस घेतलीच नाही भाऊ. पहिलीही नाही, दुसरीही नाही. कोरडी सुई घेतली. भेव वाटलं म्हणून. माझ्या अंगात काहीच नाही, तरी चिकटते. घामानं चिकटते."

मला वाटलं होतं आता ते चमकतील, चिडतील, निदान चमच्याकडं परत एकदा बघतील. त्यांनी हातातलं खोकं नीट सरळ लावलं.

"मले माहीत हाय," ते म्हणाले.

"काय माहीत आहे?"

"तुमी घेतली नाई थे. पयल्याच दिवशी समजलं." ते नेहमीसारखे हळू बोलत होते, मला पुढं वाकावं लागलं. "माह्यी झाली होती सुई. मी खुर्चीवर बसलो होतो. मंग तुमची झाली. तुमचा बोळा बादलीच्या भाईर पडला होता. म्या उचलला तं वला गच्च. दाबला असता तं पानी निंगालं असतं. तवाच समजलं."

दंडावरचा चमचा मी हातात घेतला.

"मंग म्या इचार केला. सिस्टर एवढ्या वर्साच्या. समद्या गावाले टोचते, अन् सोता घेत नाई. म्हन्जे तिले काईतरी माहीत असन. आपल्याले कोनी सांगतलं नाई, तिले सांगतलं असन." त्यांनी चष्मा काढून पुसला. "मी वाट पाहून राह्यलो होतो बाई, तुमी कधी सांगता म्हनून. इतके दिवस झाले. तुमी मले पावडर लावून देल्ली, पन थे सांगतलं नाई. मंग म्या समजलो, सांगन्यासारकं नसनच."

मी खोक्यांपाशी खाली बसले. चमचा मांडीवर पडला. जो चमचा मी पुरावा म्हणून नाचवत आले होते, त्याचा इथं काही उपयोगच नव्हता. या माणसाला चमच्यानं घाबरवलं नव्हतं. माझ्या ओल्या बोळ्यानं घाबरवलं होतं.

"आता तं सांगा," भाऊ म्हणाले. "काय माहीत होतं तुमाले?"

काय सांगणार? मी फोन काढला, तो पांढऱ्या कोटवाला शोधला आणि त्यांच्या हातात दिला. त्यांनी चष्मा लावून तो सगळा पाहिला. शेवटपर्यंत. मग माझ्याकडं पाहिलं.

"हा तं म्याच टाकला होता," ते म्हणाले.

"कुठं?"

"आपल्या ग्रुपवर. संक्रांतीच्या आधी."

मी ग्रुप उघडला आणि बोटानं मागं मागं सरकवत गेले. वाढदिवस, आढावा बैठका, श्रद्धांजल्या, किती श्रद्धांजल्या. आणि त्या सगळ्याच्या मागं खरंच तो व्हिडिओ होता, भाऊंच्या नावानं. खाली त्यांनी एक ओळ लिहिली होती, जी मी तेव्हा वाचलीच नव्हती: हे खरं आहे का? कुणीतरी सांगावे.

त्याखाली कुणाचंही उत्तर नव्हतं. सुप्रभात होतं, गुलाबाचं फूल होतं, तिळगूळ होता, आणि नऊ जणांनी हात जोडले होते. हात जोडणाऱ्यांत मीही होते.

म्हणजे माझी भीती त्यांच्याकडून आली होती, आणि त्यांची माझ्याकडून. त्यांनी प्रश्न विचारला, मी त्याला बातमी समजून घाबरले. मी घाबरले ते पाहून त्यांना वाटलं, हे उत्तर आहे. मधे खरं असं काहीच नव्हतं. मला हसू आलं आणि लगेच रडू आलं, आणि मी दोन्ही तिथंच, खोक्यांच्या मधे बसून उरकलं.

"नाही भाऊ," मी म्हटलं. "खरं नाही ते. मला काहीच माहीत नव्हतं. मी नुसती घाबरले होते."

ते माझ्यासमोर खाली बसले. मग म्हणाले, "मी बी."

एवढ्यानं माणूस बरा होतो असं मी म्हणणार नाही. त्या दोन शब्दांनंतर त्यांनी निदान पुढचं सांगितलं, की कित्येक महिन्यांत धड झोप नाही, की अंगातून रात्रंदिवस काहीतरी ओढतंय असं वाटतं. त्या फॉर्मवर यातलं काहीच नव्हतं. नंतर ते यवतमाळच्या मनाच्या डॉक्टरांकडं गेले, एसटीनं, मी सोबत होते, आणि बरेच महिने गोळ्या चालल्या. पण ते नंतरचं.

त्या दिवशी आम्ही दोघं मिळून डॉक्टरांकडं गेलो. मी सगळं सांगितलं, मोठ्या बाईंचं नाव गाळायचा प्रयत्न केला, पण कोरडी सुई कुणी स्वतःच्या हातानं स्वतःला देत नाही एवढं डॉक्टरांनाही कळत होतं. आम्हा दोघींना लेखी खुलासा मागितला गेला. मोठ्या बाई माझ्याशी आठवडाभर बोलल्या नाहीत, आणि बोलल्या तेव्हा एवढंच म्हणाल्या, "जन्मात एकदा कोनाचं दुखनं कमी केलं, तं खुलासा लागला." पुढं माझी एक पगारवाढ थांबली. नोकरी राहिली.

मला लस द्यायची हे डॉक्टरांनी लगेच ठरवलं, पण अ‍ॅप ऐकेना. नाव टाकलं की उत्तर यायचं, दोन्ही डोस पूर्ण, अभिनंदन. तीनदा अभिनंदन झाल्यावर डॉक्टरांनी वाट काढली. शनिवारच्या सत्रात शेवटची कुपी फुटेल, तिच्यात उरलेले डोस तसेही फेकावे लागतात, त्यातला एक द्यायचा. आजही सरकारी नोंदीत असं आहे, की मी न घेतलेल्या दोन लशी घेतलेल्या आहेत, आणि घेतलेली एक वाया गेलेल्यांत आहे. ग्रुपवरही मी त्या शुक्रवारीच, भाऊंच्या त्या जुन्या ओळीला धरून, उत्तर लिहिलं: नाही, हे खरं नाही. त्याला चार जणांनी हात जोडले.

शनिवारी लोक गेल्यावर मी खुर्चीवर बसले. सुई भरायला मोठ्या बाईच होत्या, तोंड फुगवून. डॉक्टर समोर उभे होते. भाऊ दारात आले, कमरेला दोरी, काखेत फूटपट्टी, आणि मागं त्यांची मुलगी.

"वली ना, बाई?" भाऊंनी मोठ्या बाईंना विचारलं.

"वलीच," त्या म्हणाल्या आणि या वेळी अशी टोचली की मी ओरडले. कालचा सगळा राग त्या एका सुईत होता. त्यांनी बोळा दाबून धरला, मग बादलीकडं टाकायला निघाल्या, तसा भाऊंनी हात पुढं केला. त्यांनी रबरी मोजा घातला होता. बोळा चिमटीत घेतला, दाबला, उजेडात धरला, परत दाबला. रक्ताचा एक ठिपका होता, बाकी काही नाही.

"कोरडा हाय," ते म्हणाले.

त्यांनी बोळा पिवळ्या बादलीत टाकला, मोजा काढला, फूटपट्टी टेबलावर ठेवली. मग फ्रीजपाशी गेले, थोडा वेळ नुसते उभे राहिले, आणि हातानं दार उघडलं. आकडा वाचला, लिहिला, दार लावलं. मुलगी बापाकडं बघत होती.

"उद्याच्या पाहुन्यायले फोन करून देतो," ते तिला म्हणाले, "येऊ नका म्हनून. अन् तू सोमवारच्या गाडीनं जाय. पन त्याच्या आधी, आता मावशी उठली का, त्या खुर्चीवर बस."